ग्रेट सेंट मेरीपासून किती मैल?

केंब्रिजच्या बाजारचौकाला लागून ग्रेट सेंट मेरी हे जुनं चर्च उभं आहे. त्याच्या भिंतीवर एक गोल खूण आहे. तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पर्यटकांचे कॅमेरे समोरच्या किंग्ज कॉलेजकडे वळलेले असतात. १७२५ मध्ये ट्रिनिटी हॉल कॉलेजचे विल्यम वॉरन यांनी शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांचे मैल या चर्चपासून मोजायला घेतले आणि पुढच्या काही वर्षांत दगड बसवले. रोमन लोक गेल्यानंतर ब्रिटनमध्ये नीट मोजून लावलेले हे पहिले मैलाचे दगड मानले जातात. गंमत म्हणजे विद्यापीठ आजही याच चर्चपासून मोजतं. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्र चालू असताना ग्रेट सेंट मेरीपासून तीन मैलांच्या आत राहायचं, पदव्युत्तर विद्यार्थ्याने दहा मैलांच्या आत, असा नियम आहे.

हा नियम विद्यार्थ्यांपुरता. पण इथे नोकरीवर रुजू होण्याआधी पुण्यात किंवा नाशकात बसून रात्री उशिरापर्यंत भाड्याची घरं चाळणारी मंडळीही तेच गणित करत असतात: मध्यापासून किती लांब गेलं म्हणजे किती पैसे वाचतात? मला विचाराल तर हे गणित चुकीच्या जागेपासून सुरू होतं. केंब्रिजमध्ये बहुतेकांची नोकरी मध्यात नसतेच. ती दक्षिणेला हॉस्पिटलच्या आवारात असते, उत्तरेला सायन्स पार्कमध्ये असते, पूर्वेला फुलबर्न रस्त्यावर असते, नाहीतर सरळ लंडनमध्ये असते. चर्चपासूनचं अंतर पोस्टकार्डासाठी ठीक आहे. घर शोधायचं ते रोज सकाळी ज्या दाराने आत शिरायचं, त्या दारापासून.

केंब्रिज हे तसं लहान गाव. विद्यापीठ १२०९ पासूनचं, पण अधिकृतपणे ‘सिटी’चा दर्जा मिळाला १९५१ मध्ये. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली जेमतेम १ लाख ४५ हजार. आपल्याकडे एवढी लोकवस्ती तालुक्याच्या ठिकाणी असते. दहा वर्षांत ती साडेसतरा टक्क्यांनी वाढली, आणि शहर मात्र स्वतःच्या कमरपट्ट्यात अडकलेलं. हा कमरपट्टा म्हणजे ग्रीन बेल्ट. १९५० मध्ये विल्यम हॉलफर्ड आणि मायल्स राइट या नियोजनकारांनी अहवाल दिला की केंब्रिजचं सौंदर्य टिकवायचं तर ते वाढू देऊ नका, लाखाच्या आसपास थांबवा. त्या विचारातून शहराभोवतीची शेतं राखली गेली. नदीकाठची कुरणं, त्यांवर चरणारी गुरं, भर वस्तीतली मोकळी मैदानं ही त्याच वृत्तीची देणगी. आणि घराची सरासरी किंमत पाच लाख पौंडांच्या आसपास, भाडं महिना सरासरी सतराशे पौंडांच्या वर, हीसुद्धा बऱ्याच अंशी त्याच वृत्तीची देणगी. नोकऱ्या वाढल्या, भिंत तशीच राहिली. मग घरं भिंतीपलीकडे उड्या मारून पडली. शहराची हद्द संपली की चारी बाजूंनी साउथ केंब्रिजशर ही वेगळी कौन्सिल सुरू होते. तिचं कार्यालय आहे कँबोर्नला. तिथे आपण पुढे जाऊच.

मराठी वाचकाला केंब्रिज नवं नाही. १८९९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजचे र. पु. परांजपे सीनियर रँग्लर झाले तेव्हापासून ते आपल्या घरात शिरलं. जयंत नारळीकर १९५७ मध्ये इथे आले. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या चार नगरांतलं एक केंब्रिज. नारळीकर दाखल झाले ती संस्था होती फिट्झविल्यम हाउस. ती १८६९ मध्ये निघाली तीच मुळी कॉलेजात राहण्या-जेवण्याचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. शिका विद्यापीठात, राहा गावात भाड्याने, अशी सोय. १९६६ मध्ये तिचं रीतसर कॉलेज झालं. तेव्हा केंब्रिजमध्ये राहायचं कुठे, हा प्रश्न आजच्या आयटीवाल्यांनी आणलेला नाही. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तेव्हाही तो पैशांचाच होता.

स्टेशनापलीकडे

रेल्वे १८४५ मध्ये आली. विद्यापीठाला धास्ती होती की पोरं गाडीत बसून लंडनला पळतील. म्हणून रेल्वेच्या कायद्यातच विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना स्टेशनात शिरून चौकशी करण्याचे अधिकार मिळवले गेले. स्टेशन झालं ते गावाच्या मध्यापासून मैलभर दूर, शेतांत. त्या शेतांत मग रेल्वे कामगारांची घरं उठली. मिल रोडच्या दोन्ही बाजूंची पीटर्सफील्ड आणि रॉम्सी ही वस्ती तीच. रॉम्सीला एके काळी तिथल्या डाव्या कामगार राजकारणामुळे ‘छोटा रशिया’ म्हणत. आज तिथे छोट्या रशियातल्या कामगाराला सोडाच, त्याच्या डॉक्टर झालेल्या पणतूलाही घर घेताना घाम फुटेल.

घरं कशी? एकाला एक चिकटलेली, पिवळसर विटांची. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि न्हाणीघर बऱ्याचदा स्वयंपाकघराच्याही मागे, नंतर जोडलेलं. मध्यरात्री बाथरूमला जायचं तर जिना उतरून आख्खं घर ओलांडायचं. भिंती एकेरी, म्हणजे आतबाहेर दोन थर आणि मध्ये पोकळी अशी रचना नाही. त्यामुळे हिवाळ्यात कोपऱ्यांत ओल धरते. कपडे खोलीत वाळत घातले, डाळीला फोडणी दिली आणि खिडकी उघडली नाही, की जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी. घर बघायला जाल तेव्हा रंग बघू नका, कपाटं पुढे ओढायला सांगा. भाड्याच्या घराला ऊर्जेच्या दाखल्यात किमान ‘ई’ श्रेणी लागते, असा कायदा आहे. पण ‘ई’ म्हणजे काय ते गॅसच्या बिलावरून कळतं.

एवढं असूनही केंब्रिजमध्ये राहण्यासारखी एकच जागा निवडायची झाली तर मी मिल रोड परिसर निवडेन. हिंग, पोहे, हिरव्या मिरच्या पायी आणता येतात. कोरियन, तुर्की, बांगलादेशी, इटालियन दुकानं एकाच रस्त्यावर. २०१९ मध्ये उघडलेली केंब्रिज सेंट्रल मॉस्क याच रस्त्यावर आहे. लाकडी खांब वर जाऊन झाडांच्या फांद्यांसारखे छताला भिडतात. मशिदीत शिरून वर बघत उभे राहिलेले सर्व धर्मांचे लोक मी पाहिले. स्टेशन पायी, आणि लंडनची जलद गाडी पन्नासेक मिनिटांत किंग्ज क्रॉसला. तोटा एकच, गाडी लावायला जागा नाही. शिवाय रेल्वेवरच्या मिल रोड पुलावरून मोटारी जाऊ द्यायच्या की नाही, यावर गावात वर्षानुवर्षं भांडण. तुम्ही कोणत्या बाजूचे, हे शेजारी ओळख झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात विचारतात.

उत्तरेचं चेस्टरटन, आर्बरी, किंग्ज हेजेस हे भाग एजंट जरा आवाज खाली आणून सांगतात. आर्बरी म्हणजे युद्धानंतर कौन्सिलने बांधलेली वसाहत. देखणी नाही, पण खोल्या मोठ्या, मागे बाग, भिंती दुहेरी. नोकरी सायन्स पार्कमध्ये असेल तर सायकलने दहा-पंधरा मिनिटं. हे सायन्स पार्क ट्रिनिटी कॉलेजने १९७० मध्ये स्वतःच्या जमिनीवर काढलं. ब्रिटनमधलं या प्रकारचं ते पहिलं. २०१७ मध्ये जवळच केंब्रिज नॉर्थ स्टेशन उघडलं, तेव्हापासून उत्तरेचा भाव वधारला आहे. तरी अजून पूर्ण वधारलेला नाही. पत्त्याच्या प्रतिष्ठेपायी आर्बरी नाकारून दहा मैलांवर जाणारी मराठी कुटुंबं भेटतात. मला त्यांचा हिशेब पटत नाही.

पश्चिमेचं न्यूनम आणि नदीकाठचं ग्रँटचेस्टर फार सुंदर. प्राध्यापकांनी दोन पिढ्यांपूर्वी घेतलेल्या घरांत आता त्यांच्या विधवा राहतात. तिथे रविवारी चहाला जावं. पुढे हंटिंग्डन रस्त्यालगत विद्यापीठाने एडिंग्टन ही नवी वस्ती वसवली, २०१७ पासून लोक राहायला आले. तीन हजार घरांच्या आराखड्यातली निम्मी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांसाठी, परवडतील अशा भाड्यात. कचरा जमिनीखालच्या टाक्यांत, पावसाचं पाणी साठवून संडासाला. विद्यापीठात पोस्टडॉक मिळाला असेल तर नेमणुकीचं पत्र हातात पडल्याच्या दिवशी तिथला अर्ज भरा.

बटाट्याच्या शेतात

दक्षिणेची गोष्ट हॉस्पिटलची. ॲडनब्रुक्स १७६६ मध्ये गावातल्या ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर सुरू झालं, आणि १९६० च्या दशकापासून हिल्स रोडच्या टोकाला, तेव्हाच्या शेतांत, हलत गेलं. आता तिथे बायोमेडिकल कॅम्पस आहे: रेण्वीय जीवशास्त्राची प्रसिद्ध प्रयोगशाळा, २०१९ मध्ये आलेलं रॉयल पॅपवर्थ हृदय-फुप्फुस रुग्णालय, २०२१ मध्ये उघडलेलं ॲस्ट्राझेनेकाचं काचेचं वर्तुळ. पलीकडे ट्रम्पिंग्टनला वनस्पती पैदास संस्था होती. इंग्लंडच्या चिप्सच्या गाड्यांवर राज्य करणारी ‘मॅरिस पाइपर’ ही बटाट्याची जात तिथली. संस्थेजवळच्या मॅरिस लेनवरून नाव. त्या प्रयोगशेतांवर आता ट्रम्पिंग्टन मेडोज ही वसाहत आहे. हॉस्पिटलला लागून क्ले फार्मची वसाहत, आणि जरा आत ब्रुकलँड्स अव्हेन्यूवर ॲकॉर्डिया. या वसाहतीला २००८ चं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. घरांच्या प्रकल्पाला ते मिळण्याची ती पहिली वेळ.

मूळच्या मिरजेच्या एक नर्सताई या भागात राहतात. ‘पाळी सकाळी सातला उभी राहते,’ त्या म्हणाल्या. ‘पहिली बस चुकली तर वॉर्डातली रात्रीची मुलगी अडकते. म्हणून मी घर बघितलंच नाही, रस्ता बघितला. सायकलने किती मिनिटं, आणि अंधारात वाटेवर दिवे आहेत का.’ डिसेंबरात इथे सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो. दिव्यांचा प्रश्न म्हणूनच खोल्यांच्या प्रश्नाआधी येतो. त्यांनी एक खोली कमी घेतली आणि पाळीला चालत जाता येईल असं घर घेतलं. मुलगा हॉलमध्ये अभ्यास करतो. ‘माझी आई म्हणते, मिरजेत एवढ्या पैशात वाडा आला असता. मी म्हणते, आई, वाड्यातून पाळीला कशी पोचू?’

बायोमेडिकल कॅम्पसच्या दाराशी केंब्रिज साउथ या स्टेशनाचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. हॉस्पिटलातली नोकरी आणि रॉयस्टनसारख्या रेल्वेवरच्या गावातलं स्वस्त घर यांची सांगड या स्टेशनामुळे बसू शकते.

हेन्री मॉरिसची शाळा

शहर सोडून गावात जायचं ठरलं की पहिला प्रश्न शाळेचा. केंब्रिजशरमध्ये या प्रश्नाला एक इतिहास आहे. हेन्री मॉरिस हे इथले शिक्षणाधिकारी. १९२४ मध्ये त्यांनी एक टिपण काढलं: खेडी रिकामी होताहेत, तर खेड्यात अशी एक वास्तू द्या जिथे दिवसा मुलांची शाळा भरेल आणि संध्याकाळी मोठ्यांची. वाचनालय, सभागृह, कामाचे वर्ग सगळं एकाच छपराखाली. नाव ‘व्हिलेज कॉलेज’. पहिलं सॉस्टनला १९३० मध्ये उघडलं. इम्पिंग्टनचं १९३९ मध्ये, आणि त्याचा आराखडा केला चक्क वॉल्टर ग्रोपियसने, मॅक्सवेल फ्रायबरोबर. नाझी जर्मनीतून निसटलेला बाउहाउसचा संस्थापक केंब्रिजशरच्या खेड्यात शाळा बांधत होता! आज तिथे शिकणारी मुलं त्या इमारतीच्या भिंतीला सायकली टेकवतात.

व्हिलेज कॉलेजं आजही परिसराच्या माध्यमिक शाळा आहेत, आणि गावातल्या घराच्या भावात शाळेचं नाव मिसळलेलं असतं. कॉम्बर्टन, बॉटिशम, इम्पिंग्टन, लिंटन ही नावं मराठी पालकांच्या तोंडी असतात. इथे शाळा गुणांवर मिळत नाही, मुख्यतः पत्त्यावर मिळते. प्रत्येक शाळेचं एक क्षेत्र ठरलेलं असतं. त्यातल्या मुलांना आधी प्रवेश. रस्त्याची एक बाजू एका शाळेत, दुसरी दुसऱ्या. एजंट ‘चांगल्या शाळेजवळ’ म्हणेल, तेव्हा काउंटी कौन्सिलच्या नकाशावर स्वतः पिनकोड टाकून बघावा. जवळ असणं वेगळं आणि क्षेत्रात असणं वेगळं. सोळा वर्षांनंतर मात्र बहुतेक मुलं गावातून शहरात येतात, हिल्स रोड किंवा लाँग रोडच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात. म्हणजे पोर बारा वर्षांचं असताना शांत वाटणारं गाव, ते सतरा वर्षांचं झाल्यावर बसच्या वेळापत्रकावर तोलावं लागतं.

हिस्टन-इम्पिंग्टन हे जोडगाव मला या सगळ्यांत उजवं वाटतं. चिव्हर्सच्या मुरंब्याच्या कारखान्यावर वाढलेलं गाव, त्यामुळे दुकानं, वाचनालय, दवाखाना जागच्या जागी. आणि दाराशी गाइडेड बसवे. १९७० मध्ये प्रवासी वाहतूक बंद पडलेल्या सेंट आइव्ह्जच्या रेल्वेमार्गावर काँक्रीटच्या रुळांसारख्या पन्हळी टाकून २०११ मध्ये हा मार्ग सुरू झाला. बस त्यात शिरली की चालक सुकाणू सोडून देतो. जगातला असा हा सर्वांत लांब मार्ग, सुमारे २५ किलोमीटर. कडेने सायकलचा सपाट रस्ता.

उडी मारून पडलेली गावं

कमरपट्ट्यापलीकडे पडलेल्या वस्त्यांत थोरली कँबोर्न. १९९८ च्या सुमारास बांधायला घेतली, केंब्रिजच्या पश्चिमेला. मोठी घरं, गराज, तळी, क्रिकेटचं मैदान, कमी भाव. भारतीय कुटुंबं भरपूर. नाशिकचे एक चिप-अभियंता सांगत होते की गणपतीला कम्युनिटी हॉल भाड्याने घेतात आणि मोदकांची नोंदणी आधी करावी लागते. रेल्वे मात्र नाही. ऑक्सफर्डकडून येणारी ईस्ट वेस्ट रेल्वे इथून नेण्याचं ठरलं आहे, पण ठरलेल्या रेल्वेत बसून ऑफिसला जाता येत नाही. या अभियंत्यांच्या कंपनीचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. (ब्रिटिश चिप-उद्योगाचा मानबिंदू आर्म, १९९० मध्ये स्वॉफम बलबेक या खेड्यातल्या एका खळ्याच्या कोठारात सुरू झाला होता. तेव्हा कोणी बसची वेळ विचारली नसावी.) नवरा-बायकोच्या दोन गाड्या, दोन विमे, पेट्रोल आणि पार्किंग असा खर्च मांडून त्यांनी मला दाखवला. शहरातलं महागडं घर आणि कँबोर्नचं स्वस्त घर यांतला फरक निम्म्याहून अधिक गाड्यांतच जिरत होता.

नॉर्थस्टो त्याहून तरुण. ओकिंग्टनच्या जुन्या विमानतळावर दहा हजार घरांचं गाव. पहिली कुटुंबं २०१७ मध्ये आली. शाळा वेळेवर आली, दुकानं आणि दवाखाना यायला वर्षं लागली. दूध आणायला शेजारच्या खेड्यात. आता स्थिती सुधारते आहे, आणि बसवे दाराशी आहे. पण नव्या वस्तीत घर घेणाऱ्याने आराखड्यातल्या चित्रांवर जाऊ नये. आज उभं असेल तेवढंच धरावं. आणखी एक कलम बारकाईने वाचावं. अशा अनेक वसाहतींत रस्ते, बागा, दिवे कौन्सिलने ताब्यात घेतलेले नसतात. त्यांच्या देखभालीचा ‘इस्टेट चार्ज’ खाजगी कंपनीला दरवर्षी द्यावा लागतो, फ्रीहोल्ड घर असलं तरी. वर कौन्सिल टॅक्स आहेच. तो कर लावण्याची रीतही मजेशीर: घराची १ एप्रिल १९९१ रोजी काय किंमत असती, यावरून श्रेणी ठरते. २०१७ मध्ये बांधलेल्या घराचीसुद्धा!

या सगळ्या विस्ताराच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न येऊन थांबला आहे. केंब्रिजचं पाणी खडूच्या दगडातून उपसलं जातं. म्हणून किटलीत आठवड्याभरात पांढरं कीट बसतं. उपसा वाढला तसे खडूच्या खडकातून उगम पावणारे दुर्मीळ ओढे आटू लागले, आणि पर्यावरण खात्याने हजारो नव्या घरांना पाण्याच्या कारणावरून हरकत घेतली. इकडे २०२३ मध्ये सरकारातून दीड लाख नव्या घरांची भाषा चालू होती. जी वस्ती अजून कागदावर आहे तिच्या भरवशावर घर घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं.

रेल्वेवरची गावं हा तिसरा पर्याय, आणि लंडनला नोकरी असेल तर बहुधा पहिला. ईली पंधरा मिनिटांवर. सपाट पाणथळ प्रदेशातून वर आलेलं कॅथेड्रल कोसभरावरून दिसतं. गाव लहान, नदीकाठी, केंब्रिजपेक्षा बरंच स्वस्त. उलट सफकमधलं हेव्हरिल आणखी स्वस्त, पण तिथली रेल्वे १९६७ मध्ये गेली ती गेली. रोज सकाळी ए१३०७ रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. स्वस्ताईचं कारण ती रांग.

आई-बाबा येतात तेव्हा

इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत नसलेला एक निकष मराठी घरांत असतो. व्हिजिटर व्हिसावर आई-बाबा येतात, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेला. मग सकाळी नऊ ते चार त्यांनी करायचं काय? साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी मुलाकडे एका नव्या वस्तीत राहून गेले होते. घर प्रशस्त, खाली कार्पेट, समोर हिरवळ. ‘रस्त्यावर माणूसच दिसेना हो,’ काकू म्हणाल्या. ‘भाजीची पिशवी घेऊन कुठे जावं, असं ठिकाणच नाही.’ पुढच्या खेपेला मुलाने चेस्टरटनमध्ये लहान घर भाड्याने घेतलं होतं. काका रोज नदीकाठाने चालत गावात जाऊन बाजारचौकात बाकावर बसायचे. इंग्लंडात ज्येष्ठांना बसप्रवास फुकट, पण तो इथे कायम राहणाऱ्यांना; पाहुण्यांनी तिकीट काढायचं, एका फेरीला कमाल ३ पौंड. म्हाताऱ्या माणसाला पायी पोचता येईल असं एखादं वाचनालय, एखादी बाग आणि भाजीचं दुकान आहे का, हे घर बघताना विचारावं. एजंट चक्रावेल. विचारावंच.

पुण्यातला फ्लॅट

आता पैशांचं. भाड्याने राहणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण बरं आहे. २०१९ च्या कायद्याने अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर), आणि मालकाने ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायची असते. नवख्या परदेशी भाडेकरूकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागण्याची रीत होती, कारण त्याचा इथला पतइतिहास नसतो. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने, १ मे २०२६ पासून, ती बंद केली आणि कारण न देता घर खाली करायला लावणंही. या गोष्टी माहीत नसल्या की माणूस घाबरून सही करतो.

विकत घेण्यात खाचा अधिक. आपल्याकडे विसार दिला की व्यवहार पक्का झाल्यासारखा. इथे ऑफर स्वीकारली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत काहीच पक्कं नाही. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, घेणारा पळू शकतो, आणि सर्व्हे, वकील यांचा झालेला खर्च ज्याचा त्याने सोसायचा. मिल रोडवरचं जुनं घर घेताना साधा सर्व्हे करून पैसे वाचवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पण मराठी माणसाला खरा झटका बसतो तो स्टॅम्प ड्यूटीत. पाच लाख पौंडांचं घर धरा. आयुष्यात पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला १० हजार पौंड भरावे लागतात. आधी कधी घर होतं, आता नाही, अशाला १५ हजार. आणि ज्याच्या नावावर जगात कुठेही दुसरं घर आहे त्याला पाच टक्के जादा, म्हणजे एकूण ४० हजार. जगात कुठेही, यात बाणेर येतं, वाकड येतं, कोथरूड येतं. तिथल्या फ्लॅटमधला तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांचा, म्हणजे आजच्या दराने पन्नास लाख रुपयांच्या आतबाहेर, असला तरी पुरे. नवरा-बायको मिळून घर घेत असतील तर दोघांपैकी एकाच्या नावावर फ्लॅट असला तरी दोघांना लागू. वडिलांकडून वारशाने मिळालेलं घरही मोजलं जातं. लग्नाआधी बायकोच्या नावावर वडिलांनी घेतलेला फ्लॅट घरात कोणाच्या गावीही नसतो आणि सॉलिसिटरच्या फॉर्मवर अचानक पंचवीस हजार पौंडांचा होऊन बसतो. शिवाय घर घेण्याआधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिला नसाल तर आणखी दोन टक्के.

म्हणून माझा सल्ला साधा आणि जरा हट्टी आहे. पहिलं वर्ष भाड्याने राहा, आणि शहरात राहा. चेस्टरटन, आर्बरी, रॉम्सी, चेरी हिंटन, जिथून कामाला सायकलने जाता येईल तिथे. एक खोली कमी पडली तरी चालेल. एक हिवाळा काढा. त्यानंतर हिस्टनसारखं दुकानं असलेलं गाव किंवा ईलीसारखं रेल्वेवरचं गाव, या क्रमाने बघा. नव्या वसाहती शेवटी, आणि तिथे जाण्याआधी नोव्हेंबरातल्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला तिथून ऑफिसपर्यंत स्वतः जाऊन बघा. रविवारी दुपारी दाखवलेलं घर बघून ठरवू नका. रविवारी इथे सगळंच जवळ असतं.

आणि मूल इंग्लंडमधल्या सहावीत असेल, तर पुढच्या सप्टेंबरच्या माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. तारीख बहुतेक वर्षी दिवाळीच्याच आगेमागे येते. अर्जावर पत्ता लागतो. तो कोणता, हे नवरात्रापर्यंत ठरवून टाका.